मध्यंतराला बाजू बदलताना

मुकुंदकाका,

मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर काहीतरी लिहून दे असं मला सांगितलं, तेव्हा आधी मला बरं वाटलं आणि मग लाज वाटली. बरं एवढ्यासाठी वाटलं की हे निखिलला सांगितलं नव्हतं. त्याला मराठी वाचता येतं ते जेमतेम, लिहिता तर येतच नाही. मी सातवीपर्यंत म्हसळ्याच्या शाळेत होते, म्हणून मला येतं. तुमच्या बाबतीत त्याच्याआधी मला मिळालेली ही पहिलीच गोष्ट. आणि ती मिळायला तुम्हाला जावं लागलं.

तुमचं शिक्षण, नोकरी, सौदीत कधी आलात, हे सगळं आपल्या रग्बी क्लबचे सेक्रेटरी थॉमस सर वेगळ्या पानावर देणार आहेत. ते इंग्रजीत लिहितील आणि कोणीतरी भाषांतर करेल. त्यातलं निम्मं मला माहीतही नव्हतं. मला तुम्ही शुक्रवारपुरते माहीत होता. धाहरानच्या बाहेरचं ते भाड्याचं मैदान, ऊन उतरायची वेळ, आणि मधल्या रेषेवर उभे असलेले तुम्ही, हातात स्टीलचा थर्मास. त्यात बिनदुधाचा चहा असायचा. तो तुम्ही कोणाला दिलात आणि कोणाला नाही, हे माझ्या पक्कं लक्षात आहे. असं लक्षात ठेवणं चांगलं नाही, हेही मला कळतं.

माझी तुमची ओळख अब्बांच्या बसमध्ये झाली. अब्बा तुमच्या कंपनीची स्टाफ बस चालवायचे आणि तुम्ही नेहमी त्यांच्या मागच्या सीटवर बसायचात. मला फिजिओथेरपीला अॅडमिशन मिळाली तेव्हा अब्बांनी ते बसमधल्या प्रत्येकाला सांगितलं असणार. आमच्या घरात कॉलेजात गेलेलं कोणी नव्हतं. बाकीच्यांनी मुबारकबाद दिली. तुम्ही विचारलंत, "पोरीला घोट्याला पट्टी बांधता येते का?" पहिल्याच वर्षाला कुठली यायला. पण अब्बांनी बेधडक हो म्हणून सांगितलं, आणि मी ते मोबाइलवर बघून एका रात्रीत अम्मीच्या पायावर शिकले.

रग्बी म्हणजे काय, मारामारी का, असं अब्बांनी विचारलं होतं. तुम्ही त्यांना सिग्नलला बस थांबली तेव्हा समजावलंत की यात दोन प्रकार असतात, आपला तेरा जणांचा, रग्बी लीग. बॉल लांबट, हातात घेऊन पुढे पळायचं, पास मात्र मागेच द्यायचा. समोरच्यांनी धरून पाडायचं. सहा वेळा पकडले गेलात की बॉल त्यांचा. अब्बांना तेवढं पुरेसं वाटेना, तेव्हा तुम्ही म्हणालात, "अहो, कबड्डीच आहे. तिथं पकडला की बाद. इथं पकडला की उठायचं, बॉल पायाने मागे सारायचा आणि परत सुरू." अब्बांना ते इतकं आवडलं की घरी येऊन त्यांनी आम्हाला पायातली चप्पल मागे सारून दाखवलं.

मी पट्ट्या बांधायला आले. मग तुम्ही माझ्या हातात स्टॉपवॉच दिलंत. मग रेषेवरचा झेंडा. मग एक दिवस, नवीन मुलांना पकड शिकव म्हणालात. मी म्हटलं, मी कधी खेळलेली नाही. तुम्ही म्हणालात, तू त्यांचे गुडघे रोज बघतेस, कुठे वाकायला हवं ते तुला कळतं. कोच असाच घडवायचा, ही तुमची पद्धत होती. तुम्हालाही इंग्लंडमधल्या त्या गिरणीच्या गावात तसंच घडवलं होतं. नोकरीनिमित्त तिकडे असताना तुमच्याकडे लहान मुलांचा संघ दिला आणि तुम्ही त्याची वाट लावलीत. मग तिथल्या म्हाताऱ्या कोचने तुम्हाला मैदानावर चुन्याच्या रेषा मारायला लावलं, मग शिट्टी दिली, मग दुसऱ्याच क्लबात पाठवलं, आणि शेवटी तीच मुलं परत दिली. ही गोष्ट तुम्ही फार रंगवून सांगायचात. वाट कशी लावलीत ते मात्र प्रत्येक वेळी वेगळं असायचं.

निखिल तेव्हा क्लबच्या दुसऱ्या संघाचा कोच होता. त्याचे वडील पुण्याचे इंजिनिअर, तो इथेच कंपाऊंडमध्ये वाढलेला. तुम्ही मराठीत विचारायचात, तो हिंदीत उत्तर द्यायचा, आणि रागावला की इंग्रजीत. हुफूफ गावच्या संघाशी तिकडे जाऊन सामना होता, त्यात तो रागावला. मी तिथे पट्ट्यांची पिशवी घेऊन उभी होते, त्यामुळे मी सगळं पाहिलं. पंचाचा एक निर्णय त्याला पटला नाही. निर्णय चुकलाच होता, हे मी आजही म्हणेन. पण त्याने खेळ अर्ध्यावर असताना आपली सगळी मुलं मैदानाबाहेर काढली आणि गाड्यांत बसवून निघून गेला. हुफूफवाल्यांनी सामन्यानंतरचं जेवण तयार ठेवलं होतं. खजुरीच्या बागेच्या कडेला चटया अंथरल्या होत्या, मोठ्या परातींमध्ये भात आणि मटण. यजमानांचं जेवण टाकून पाहुणे निघून गेले. पंचाशी भांडण एक वेळ विसरलं गेलं असतं, ते जेवण कोणी विसरणार नव्हतं.

तुम्ही थांबलात. मला आणि अब्बांनाही थांबवलंत. आम्ही तिघं एवढ्या मोठ्या परातीसमोर बसलो आणि तुम्ही जेवढं जाईल त्याच्याहून जास्त जेवलात. अब्बांनी हळूच विचारलं, काका, पोटाला झेपेल का? तुम्ही म्हणालात, संघाचं जेवायचंय, तिघांचं नाही. जेवून झाल्यावर तुम्ही त्यांच्या कॅप्टनला सांगितलंत की निखिल पूर्ण सीझन तुमच्याकडे येईल, जे काम द्याल ते करेल.

क्लबमध्ये सगळे म्हणत होते, निखिल खलास. मलाही तसंच वाटलं आणि, खरं लिहायचं तर, वाईट वाटलं नाही. तो सीझनभर दर शुक्रवारी हुफूफला जायचा आणि इथे त्याची जागा मी चालवायचे. माझं ते वर्ष सगळ्यात चांगलं गेलं. तुम्ही माझ्या शेजारी उभे राहायचात. खेळ चालू असताना काही बोलायचा नाहीत, नंतर बसमध्ये बोलायचात. अब्बा आरशातून बघायचे आणि मान डोलवायचे, जणू त्यांनाच शाबासकी मिळतेय. मला वाटलं, आता हे असंच राहणार.

मग निखिल परत आला. काळवंडला होता, अरबी बोलायला लागला होता, आवाज खाली आला होता. हुफूफला त्याने पाणी वाहिलं होतं, रेषा मारल्या होत्या, त्यांच्या लहान पोरांच्या सामन्यांना शिट्टी मारली होती, आणि शेवटी त्या पोरांचा कोचही झाला होता. ज्या पंचाशी भांडला त्याच्याच हाताखाली शिकला. तो एवढं सगळं घेऊन आला आणि माझ्याकडे तेच मैदान होतं. थर्मासमधला पहिला कप तुम्ही त्याला दिलात. "जेवलास का?" विचारलंत. मला विचारायचात, "दुखापतींची फाईल आणली का?"

आणि मग तुम्ही ती बाजू बदलायची पद्धत सुरू केलीत.

वाचणाऱ्यांसाठी सांगते. शुक्रवारी क्लबचेच दोन संघ करायचे, निळे आणि पिवळे. एकाची कोच मी, दुसऱ्याचा निखिल. मध्यंतराला खेळाडू तसेच राहायचे आणि कोच बदलायचे. पहिल्या अर्ध्यात ज्यांच्याविरुद्ध डाव टाकला, दुसऱ्या अर्ध्यात त्यांनाच त्यातून सोडवायचं. दुसरीकडे कुठे असं करतात का, मी शोधलं. मला तरी सापडलं नाही.

पहिल्या वेळी मी निळ्यांना सांगितलं होतं की पिवळ्यांचा जाबेर वळायला वेळ लावतो, सगळे हल्ले त्याच्या बाजूने करा. जाबेर म्हणजे तो हुफूफचाच, इकडे नोकरीला असलेला दांडगा मुलगा, मी फिजिओ शिकते म्हणून मला दकतोरा, म्हणजे डॉक्टरीणबाई, म्हणतो. माझ्या मुलांनी त्याला दमवून दमवून अर्धमेला केला. आम्ही खूप पुढे होतो. मध्यंतर झालं आणि मला पलीकडे जावं लागलं. जाबेर जमिनीवर बसला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "दकतोरा, तूच ना?" त्याला कसं वाचवायचं ते मला सुचेना, कारण त्याला कसं मारायचं एवढाच विचार मी आठवडाभर केला होता. निखिलने पलीकडे जाऊन फक्त माझाच डाव चालू ठेवला, आणि निळे जिंकले. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्या कोणासाठी होत्या, मी विचारलं नाही. मी पाहिलं तेव्हा तुम्ही त्याच्याकडे बघत होता.

नंतर नंतर मला ते जमायला लागलं. डाव टाकतानाच तो मोडायचा कसा याचा विचार मनात येऊ लागला. जाबेरला मी दुसऱ्या बाजूला खेळवायला शिकले, आणि त्याला वळताना पाय कुठे ठेवायचा तेही शिकवलं. हे सगळं तुम्ही मला शिकवलंत, न शिकवता. त्याबद्दल मी कधी आभार मानले नाहीत. आता मानते.

पण मला खरं जे डाचायचं ते वेगळं होतं. बाजू बदलताना आम्ही दोघं मधल्या रेषेवर तुमच्याजवळून जायचो. निखिलला तुम्ही थांबवायचात. खांद्यावर हात ठेवायचात आणि हळू आवाजात त्याला काहीतरी सांगायचात, बराच वेळ. तो मान हलवत ऐकायचा. मी त्याच्यामागे पोचायचे तेव्हा तुम्ही थर्मासचं झाकण लावत असायचात. माझ्याकडे बघून म्हणायचात, "जा."

दर वेळी तेवढंच. मी काही वेळा मुद्दाम हळू चालून पाहिलं. एकदा तर बुटाची नाडी बांधायला तुमच्यासमोरच वाकले. तुम्ही वाट बघितलीत, आणि मी उठल्यावर म्हणालात, "जा."

तुमचं माझं भांडण झालं ते बसमध्ये, तुम्ही जायच्या आधीच्या शुक्रवारी, मैदानावरून परत येताना. तुम्ही निवृत्त होऊन नाशिकला परत जाणार हे सगळ्यांना माहीत होतं, फायनल एक्झिटचे, म्हणजे कायमचं परत जायच्या परवान्याचे, कागद सुरू झाले होते, आणि तुमच्यामागे मोठा संघ कोणाकडे जाणार हे तुम्ही सांगायचं होतं. मी ते विचारलं नाही. मी म्हटलं, मला पण एक सीझन हुफूफला पाठवा.

"तुला कशाला?"

"निखिलला पाठवलंत."

"तो चुकला होता."

"मग चुकायचीच अट असेल तर मी पण चुकते एकदा."

तुम्ही हसलात. "ठरवून चुकता येत नाही गं."

तिथे मी थांबायला हवं होतं, पण थांबले नाही. मी म्हटलं, काका, दुसरी संधी तुमच्याकडे भरपूर आहे, पण ज्याला पहिलीच मोठ्या मुश्किलीने मिळाली त्याने काय करायचं? निखिल चुकला तर त्याच्या घरात कोणाचं काही बिघडत नाही. मी एका विषयात नापास झाले तर अब्बा बसमध्ये मान वर करणार नाहीत. मला चुकायची सवय कोणी लावलीच नाही, आणि तुम्ही बक्षीस देता ते चुकणाऱ्यांना. बोलता बोलता माझा आवाज चढला होता. अब्बा आरशातून बघत होते, पण मध्ये पडले नाहीत. उतरताना म्हणालात, "पुढच्या शुक्रवारी बोलू. संघाचंही सांगतो आणि हेही."

बुधवारी सकाळी अब्बांची बस तुमच्या इमारतीखाली थांबली आणि तुम्ही आला नाहीत. अब्बांनी हॉर्न दिला. मग फोन केला. मग वॉचमनला घेऊन वर गेले. झोपेतच गेलात, असं डॉक्टर म्हणाले. पोलीस येईपर्यंत अब्बा तुमच्याजवळ बसून होते. तुमच्या अंगावरची चादर तेवढी त्यांनी सारखी केली, बाकी कशाला हात लावला नाही. त्या दिवशी बसमधले सगळे उशिरा कामावर पोचले आणि कोणी तक्रार केली नाही, असं ते सांगतात. मला कळलं तेव्हा मी कॉलेजात होते. मला पहिला विचार काय आला सांगू का? की आता शुक्रवारी कोण सांगणार.

कागदपत्रांना बरेच दिवस लागले. तुम्हाला विमानाने पाठवलं त्या दिवशी आत कार्गोपर्यंत चार पुरुषांनाच सोडलं. निखिल त्यात होता. त्याने पेटीला खांदा दिला. मी बाहेर पार्किंगमध्ये अब्बांच्या गाडीत बसले होते. तो परत आला तेव्हा त्याच्या शर्टाच्या खांद्यावर लाकडाचा भुसा लागला होता. मी त्याच्याशी बोलले नाही. त्याचं दुःख मला दिसत होतं. पण मला तो भुसा हवा होता.

नाशिकहून काकूंचा फोन आला तो निखिलच्याच मोबाइलवर. त्यांनी मला बोलावलं, मी पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलत होते. व्हिडिओवर माझा चेहरा बघून त्या जरा गडबडल्या. म्हणाल्या, "अगं, एवढी मोठी आहेस होय तू. घरी फोन केला की निखिलचंच चालायचं ह्यांचं. निखिल जेवत नाही, निखिलचा राग, निखिलचं कसं होणार. तुझं नाव घ्यायचे, पण काही सांगायचे नाहीत. मला वाटायचं, कोणी लहान मुलगी असेल." त्या किती प्रेमाने बोलत होत्या. मी हो हो म्हटलं, स्वतःला सांभाळा म्हटलं, आणि फोन परत दिला. बाथरूममध्ये जाऊन रडले. त्या रडण्यात तुम्ही किती होता आणि मी किती होते, मला सांगता येणार नाही. मला तुमचं कौतुक नको होतं, काका. ते सगळ्यांनाच मिळायचं. मला तुमची काळजी हवी होती, आणि ती सगळी त्याला मिळाली.

त्यानंतरच्या शुक्रवारी तुमच्या आठवणीसाठी सामना ठेवला. तुम्ही कोणाचं नाव सांगून गेला नव्हता, म्हणून कमिटीने ठरवलं की मोठा संघ कोणाला द्यायचा ते या सामन्यावरच ठरवू. जिंकेल त्याचा संघ. आणि थॉमस सरांनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं की आज मध्यंतराला बाजू बदलायची नाही, नाहीतर कोण जिंकलं हेच कळणार नाही. तुमच्या पद्धतीत ते खरंच कधी कळलं नाही. आम्ही दोघांनी मान्य केलं.

सामन्याआधी नेहमीसारख्या दोन्ही संघांच्या पट्ट्या मीच बांधल्या. जाबेर पिवळ्यांत होता, म्हणजे निखिलकडे. त्याचा घोटा बांधताना तो काही चेष्टा करत नव्हता. म्हणाला, आज कोच बघत असेल, नीट बांध. मी नीट बांधला.

माझ्याकडे निळे. पहिला अर्धा भाग मी आतापर्यंत कधी चालवला नव्हता इतका चांगला चालला. मुलांनी प्रत्येक वेळी पकडलं गेल्यावर लगेच उठून बॉल मागे सारला, आणि पिवळे पुरते सावरायच्या आत आम्ही पुन्हा पुढे. मी परत जाबेरच्या बाजूनेच हल्ले लावले होते. तो आता पूर्वीपेक्षा चांगला वळायचा, पण कुठवर वळू शकतो हे मला माहीत होतं, कारण मीच शिकवलं होतं. मध्यंतराला आम्ही इतके पुढे होतो की अब्बा कडेला उभे राहून आधीच लोकांचे हात हातात घेत होते.

मुलं पाणी प्यायला लागली. पलीकडे निखिल मोठ्याने काहीतरी सांगत होता, आणि त्याचा आवाज पुन्हा जुन्यासारखा चढला होता. जाबेर खाली बसला होता, पाय पसरून, माझ्या बांधलेल्या पट्टीकडे बघत. आणि मधल्या रेषेवर कोणी नव्हतं. तुमचा थर्मास सामानासोबत नाशिकला गेला होता. इतर दिवशी त्या जागेकडे बघायची मला गरजच पडली नव्हती, कारण तिथे तुम्ही असायचातच.

मी मोठ्या मनाने गेले असं कोणी समजू नये. मला जिंकायचं होतं आणि मी जिंकत होते. मी चालायला लागले ते फक्त त्या जागेवर एकदा उभं राहायला. मुलांना वाटलं पंचांशी बोलायला चालली आहे. मी रेषेवर जाऊन थांबले. निखिलने मला पाहिलं, बोलता बोलता गप्प झाला, आणि तोही आला.

"क्या हुआ?" म्हणाला.

मी म्हटलं, "काका तुला इथे काय सांगायचे?"

तो बुटाने चुन्याची रेषा पुसत राहिला. मग म्हणाला, "गलती. हर बार वही. पहले हाफ में मैंने क्या ग़लत किया, पूरा गिनाते थे. फिर बोलते, अब जा, सुधार के आ." नाक पुसून त्याने विचारलं, "तुझे क्या बोलते थे?"

"जा."

"और?"

"बस. जा."

तो माझ्याकडे बघत राहिला, मी काही लपवतेय असं वाटून. मग हसला, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. ते मला ओळखीचं वाटलं. मी आरशात बघितलेलं. "मुझे एक बार भी सिर्फ़ 'जा' नहीं बोला," तो म्हणाला. "एक बार भी नहीं, यार."

पंचाने शिट्टी तोंडाला लावली होती. निखिल म्हणाला, "वापस जा, तू जीत रही है," आणि तो वळला. मी वळले नाही. मी सरळ चालत पलीकडे गेले, पिवळ्यांकडे, आणि जाबेरसमोर जाऊन बसले. म्हटलं, ऊठ, आता तिकडची बाजू घे. निखिल रेषेवरच उभा होता. मग निळ्यांकडे कोणीच नाही हे बघून तो धावत तिकडे गेला. थॉमस सर ओरडत आत यायला निघाले, पण तोवर खेळ सुरू झाला होता.

पिवळ्यांनी फरक बराच कमी केला. जाबेरने तर बॉल घेऊन जाऊन एकदा रेषेपलीकडे टेकवला, गुण मिळवले आणि तिथूनच माझ्याकडे बोट दाखवलं. पण निळेच जिंकले. कमिटी त्या रात्री बराच वेळ वाद घालत होती. निखिलने सगळ्यांसमोर सांगितलं की पहिला अर्धा भाग सनाचा होता, जिंकली तीच. मला वाटलं होतं तो गप्प बसेल. तो बसला नाही, आणि मला त्याचाही राग आला. शेवटी थॉमस सर म्हणाले, ठरलेलं मोडलं कोणी, तर हिने. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा जिंकणाऱ्या संघाजवळ जो उभा होता, त्याचा संघ.

मोठा संघ निखिलकडे गेला.

घरी येताना अब्बा गाडीत म्हणाले, "खुळी आहेस का गो? जिंकत होतीस ना?" मी हो म्हटलं. जिंकत होते याला, की खुळी आहे याला, त्यांनी विचारलं नाही. पुढच्या सिग्नलला त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सिग्नल सुटेपर्यंत तसाच ठेवला. नापास झाल्यावर काय होतं, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. डोक्यावर हात येतो. हे मला आधी माहीत असतं तर मी तुमच्याशी बसमध्ये तशी बोलले नसते. कदाचित तरीही बोलले असते.

दोन दिवसांनी जाबेरचा फोन आला. त्याच्या गावच्या संघाचा कोच नोकरी बदलून गेलाय आणि मुलांना कोणीतरी हवं आहे. त्याने तिकडे सांगितलंय की एक दकतोरा आहे, हरणाऱ्यांकडे स्वतःहून चालत येते. मुलांचा संघ, मोठ्यांचा नाही. रेषाही स्वतःच मारायच्या.

सगळ्यांच्या मते मी चुकले, काका. अम्मीच्या, क्लबच्या, आणि परवा वर्गातल्या मैत्रिणींनाही सांगितलं तर त्यांच्याही. ठरवून चुकता येत नाही, असं तुम्ही म्हणाला होता. मी ठरवलं नव्हतं.

येत्या शुक्रवारी अब्बा मला हुफूफला सोडणार आहेत. निखिलने तिकडचे रस्ते कागदावर काढून दिले, कोणाला आधी सलाम करायचा तेही सांगितलं, आणि काहीही झालं तरी जेवून ये असं म्हणाला. त्याला हे सगळं माहीत आहे याचा मला अजून हेवा वाटतो. तो कमी होईल असं वाटलं होतं, झाला नाही. तुम्ही त्याला काय काय सांगितलं ते त्याला सगळं पाठ आहे, कधी एकटा असला की तो ते आठवत बसेल आणि ते त्याला खूप वर्षं पुरेल. माझ्याकडे तुमचा एकच शब्द आहे. मी तो पुरवून वापरेन.

तुमची,
सना